ऑफिसातला एसक्यूएल सर्व्हर क्लाउडवर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात डेटाबेसचं काम करतो आणि मला येणारे निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात, "सर, सर्व्हर जुना झालाय, क्लाउडवर टाकायचाय, सगळं जसंच्या तसं चालेल ना?" या "जसंच्या तसं"चं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. सगळं मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरबद्दल आहे, कारण माझं रोजचं काम त्यावरच चालतं. एका बाजूला तुमच्या ऑफिसात किंवा कारखान्यात ठेवलेला एसक्यूएल सर्व्हर, दुसऱ्या बाजूला अ‍ॅझ्युअरवरचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच क्लाउडवरचे, त्याचे दोन अवतार. इतर क्लाउडबद्दल शेवटाकडे थोडंसं आहे.

पहिल्यांदा हे सांगा, क्लाउडवर म्हणजे नेमकं कुठे? तीन-चार नावं ऐकतो आणि गोंधळ होतो.

गोंधळ होणारच, नावं तशीच आहेत. तीन प्रकार लक्षात ठेवा. पहिला, क्लाउडवर एक व्हर्च्युअल मशीन भाड्याने घ्यायचं आणि त्यात विंडोज आणि एसक्यूएल सर्व्हर स्वतः टाकायचा, म्हणजे फीचरच्या बाबतीत तुमच्या ऑफिसातल्या सर्व्हरसारखंच सगळं, फक्त डबा दुसऱ्याच्या इमारतीत, पॅच आणि बॅकअप तुमच्याच डोक्यावर. दुसरा, अ‍ॅझ्युअर एसक्यूएल डेटाबेस, २०१० मध्ये एसक्यूएल अ‍ॅझ्युअर या नावाने आला होता. यात तुम्हाला सर्व्हर मिळतच नाही, एक डेटाबेस मिळतो. पोर्टलवर (अ‍ॅझ्युअरच्या वेबसाइटवरच्या कंट्रोल पॅनेलवर) "सर्व्हर" असं लिहिलेलं दिसतं पण ते फक्त एक नाव आणि लॉगिनची जागा आहे, त्यामागे तुमचं स्वतःचं मशीन नाही. तिसरा, मॅनेज्ड इन्स्टन्स, २०१८ मध्ये आला, तो या दोघांच्या मधला. बऱ्यापैकी पूर्ण एसक्यूएल सर्व्हर, पण ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावता येत नाही.

पुढे मी नुसतं "एसक्यूएल डेटाबेस" म्हणेन तेव्हा दुसरा प्रकार समजा.

मग जसंच्या तसं चालतं की नाही?

टेबल, व्ह्यू, स्टोअर्ड प्रोसिजर, ट्रिगर, इंडेक्स, फॉरेन की हे जवळजवळ सगळं चालतं. इंजिन तेच आहे. अडचण येते ती डेटाबेसच्या शेजारी, त्याच सर्व्हरवर राहणाऱ्या गोष्टींची. रात्रीचे जॉब, मेल पाठवणं, डी ड्राइव्हवरच्या फाइली, शेजारच्या डेटाबेसमधलं टेबल, विंडोजचं लॉगिन, आणि घड्याळ. हो, घड्याळसुद्धा, त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे आणि माझी विनंती आहे की बाकी काही वाचलं नाही तरी तेवढा वाचा.

रात्री चालणारे जॉब कुठे जातात?

ऑफिसातल्या सर्व्हरवर ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा एसक्यूएल सर्व्हर एजंट असतो. रात्री बारा वाजता स्टॉक पोस्टिंग, दोन वाजता बॅकअप, सकाळी सहाला मॅनेजरला रिपोर्ट, हे सगळं त्याच्या भरवशावर चाललेलं असतं आणि बऱ्याचदा सध्याच्या स्टाफला माहीतही नसतं, कारण ज्याने लावलं तो नोकरी सोडून गेलेला असतो. एसक्यूएल डेटाबेसमध्ये एजंट नाही. तुम्ही डेटाबेस हलवला की हे जॉब मागंच राहतात, आणि कुठलाही एरर येत नाही, कारण जे चालूच झालं नाही ते फेल कसं होणार? चार दिवसांनी कुणीतरी विचारतं की रिपोर्ट का येत नाहीये.

पर्याय आहेत. इलास्टिक जॉब्स म्हणून अ‍ॅझ्युअरची सोय आहे, त्यात टी-एसक्यूएल (एसक्यूएल सर्व्हरची क्वेरीची भाषा) वेळेवर चालवता येतं. किंवा अ‍ॅझ्युअर फंक्शन, डेटा फॅक्टरी, अगदी ऑफिसातल्या एका पीसीवर विंडोज टास्क शेड्युलर लावूनही काम भागतं. मॅनेज्ड इन्स्टन्सवर मात्र एजंट आहे, आणि जॉबची संख्या तीस-चाळीस असेल तर निव्वळ त्या एका कारणासाठी मी मॅनेज्ड इन्स्टन्स सुचवतो.

हलवायच्या आधी एमएसडीबी डेटाबेसमधून (एजंट आपले जॉब यातच ठेवतो) सगळ्या जॉबची यादी काढा, प्रत्येकासमोर लिहा की हा कुणाला लागतो. कंटाळवाणं काम आहे पण दुसरा मार्ग नाही. आणि एक्सप्रेस ही फुकटची एडिशन वापरत असाल तर तुमच्याकडे एजंट मुळातच नाही, मग ही यादी टास्क शेड्युलरमध्ये शोधा.

आमचे दोन डेटाबेस आहेत, एक अकाउंट्सचा आणि एक स्टोअर्सचा, आणि प्रोसिजर एकातून दुसऱ्यात जातात. चालेल?

एसक्यूएल डेटाबेसवर सरळ चालणार नाही. डेटाबेसचं नाव, मग स्कीमा (डेटाबेसमधला टेबलांचा गट), मग टेबल अशी तीन भागांची नावं तिथे नाकारली जातात, एरर नंबर ४०५१५ येतो. यूज कमांडने दुसऱ्या डेटाबेसवर जाताही येत नाही, तिथे ४०५०८ येतो आणि तो स्पष्ट सांगतो की नवीन कनेक्शन करा. कारण सरळ आहे, पोर्टलवर शेजारी दिसणारे हे दोन डेटाबेस प्रत्यक्षात वेगवेगळ्या मशीनवर असू शकतात.

इलास्टिक क्वेरी नावाची सोय आहे, दुसऱ्या डेटाबेसमधलं टेबल एक्स्टर्नल टेबल म्हणून जोडायचं, पण ती वाचण्यापुरती ठीक आहे आणि मोठ्या जॉइनला हळू पडते. माझं मत विचाराल तर दोन डेटाबेस एकातच आणा, एकाला अकाउंट्स स्कीमा आणि दुसऱ्याला स्टोअर्स स्कीमा द्या. ते जमण्यासारखं नसेल, कोड फार जुना असेल, हात लावायला माणूस नसेल तर मॅनेज्ड इन्स्टन्स घ्या, तिथे तीन भागांची नावं नेहमीसारखी चालतात आणि लिंक्ड सर्व्हरही (दुसऱ्या सर्व्हरचा डेटा इथूनच वापरायची सोय) जोडता येतो.

बाकी काय काय मिळत नाही ते एकदाच सांगून टाका ना.

बरं. एसक्यूएल डेटाबेसवर डेटाबेस मेल नाही, सीएलआर असेंब्ली (डेटाबेसच्या आत चालणारा डॉटनेटचा कोड) नाही, सर्व्हिस ब्रोकर (डेटाबेसमधली निरोपांची रांग) नाही, लिंक्ड सर्व्हर नाही, चालू क्वेरी बघायचा प्रोफायलर चालत नाही (एक्स्टेंडेड इव्हेंट्स आणि क्वेरी स्टोअर वापरा, क्वेरी स्टोअर तर आधीपासून चालूच असतो). एसए लॉगिन आणि सिसअ‍ॅडमिन रोल, म्हणजे सर्व्हरचे सगळे अधिकार, नाहीत. मॅनेज्ड इन्स्टन्सवर मेल, सीएलआर, ब्रोकर हे आहे, थोड्या मर्यादांसह. एक्सपी-सीएमडीशेल (क्वेरीतून विंडोजची कमांड चालवणं) आणि फाइलस्ट्रीम (फाइली डिस्कवर ठेवून डेटाबेसला जोडणं) दोन्हीकडे नाही, कारण तुमची म्हणावी अशी डिस्कच नाही. फाइलमधून डेटा भरणाऱ्या बल्क इन्सर्टला डी ड्राइव्हचा पाथ देऊन चालत नाही, फाइल आधी ब्लॉब स्टोरेजवर, म्हणजे अ‍ॅझ्युअरच्या फाइली ठेवायच्या जागेवर, टाकावी लागते. बँकेकडून आलेली सीएसव्ही रोज शेअर्ड फोल्डरमधून उचलणारे बरेच लोक इथेच अडकतात.

घड्याळाची काय भानगड आहे?

एसक्यूएल डेटाबेसवर आत्ताची वेळ सांगणारं गेटडेट फंक्शन भारताची वेळ देत नाही. ते यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ देतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि ही सेटिंग बदलता येत नाही. सर्व्हर पुण्यातल्या डेटा सेंटरमध्ये असला तरीही.

हे ऐकायला क्षुल्लक वाटतं म्हणून एक जवळून पाहिलेली गोष्ट सांगतो. एका साखर कारखान्याचं काम होतं, गळीत हंगाम जोरात, काट्यावर रात्रभर उसाच्या गाड्यांची रांग. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी डेटाबेस क्लाउडवर नेला, दिवसा टेस्टिंग केलं, सगळं बरोबर दिसलं, कारण दुपारी दोन वाजता साडेपाच तास मागे गेलं तरी तारीख तीच राहते. मग रात्रपाळी आली. पहाटे दोन वाजून वीस मिनिटांनी ट्रॅक्टरची ट्रॉली काट्यावर आली, भरगाडीचं वजन झालं, आणि नोंद पडली आदल्या दिवशीच्या रात्री आठ पन्नासची. रिकामी गाडी परत काट्यावर आली ती पावणेसहाला, ती मात्र आजच्या तारखेत. झालं, निव्वळ वजन काढणारी प्रोसिजर भरगाडी आणि रिकामी गाडी एकाच तारखेत शोधत होती, तिला जोडी सापडेना, पावती निघेना. काट्यावर थंडीत उभा असलेला माणूस वाट बघतोय, मागे रांग वाढतेय, आणि काटा क्लार्क मला सांगतोय की कॉम्प्युटर कालची तारीख दाखवतोय. दिवसाचं गाळपही दोन दिवसांत विभागलं गेलं. ज्याचा ऊस आहे त्याच्यासाठी ती पावती म्हणजे वर्षभराची कमाई असते, त्यामुळे मला ही चूक कधीच छोटी वाटली नाही आणि तेव्हापासून प्रत्येक कामात मी पहिला प्रश्न वेळेचाच विचारतो.

असाच दुसरा खड्डा म्हणजे १ एप्रिल. मध्यरात्री बारा दहाला केलेलं बिल यूटीसीमध्ये ३१ मार्चच्या संध्याकाळी सहा चाळीसला पडतं, म्हणजे आर्थिक वर्षच बदललं, बिलाची सिरीज चुकली आणि जीएसटीचं रिटर्न भरताना डोकेदुखी.

उपाय असा की डेटा यूटीसीमध्येच साठवू द्या आणि दाखवताना, तारीख काढताना "अ‍ॅट टाइम झोन" वापरून इंडिया स्टँडर्ड टाइममध्ये आणा. जुना कोड असेल तर एक छोटं फंक्शन लिहा जे आत्ताची भारतीय वेळ देईल आणि गेटडेट जिथे जिथे आहे तिथे ते टाका. प्रोसिजर, व्ह्यू यांच्याबरोबर टेबलांच्या डिफॉल्ट कन्स्ट्रेंटमध्येही (कॉलममध्ये आपोआप भरली जाणारी किंमत) शोधा, तिथे हमखास राहून जातं. मॅनेज्ड इन्स्टन्सला टाइम झोन देता येतो, पण फक्त बनवताना. एकदा बनला की बदलत नाही, त्यामुळे पोर्टलवर ते फॉर्म भरताना पुढे-पुढे क्लिक करत जाऊ नका.

बॅकअपचं काय, तो तर क्लाउड आपोआप घेतो ना?

घेतो, आणि क्लाउडवर जाण्याचं हे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण आहे. आठवड्याला फुल, बारा किंवा चोवीस तासांनी डिफरन्शियल (फुलनंतर बदललेलं तेवढं), आणि साधारण दर दहा मिनिटांनी लॉग बॅकअप (झालेल्या व्यवहारांची नोंद). नव्या डेटाबेसला सात दिवस मागे जायची सोय असते, ती ३५ दिवसांपर्यंत वाढवता येते (अगदी खालच्या बेसिक टियरला सातच). त्यापुढे लाँग टर्म रिटेन्शन लावलं तर १० वर्षांपर्यंत. ऑफिसातल्या सर्व्हरवर काय चित्र असतं ते तुम्हीच आठवा, बॅकअप त्याच मशीनच्या दुसऱ्या ड्राइव्हवर, रिकव्हरी मॉडेल सिंपल (म्हणजे लॉग बॅकअप नाहीच), आणि तो रिस्टोअर होतो का ते गेल्या दिवाळीपासून कुणी पाहिलेलं नाही.

पण फरक नीट समजून घ्या. एक, बॅकअप डेटाबेस ही कमांड एसक्यूएल डेटाबेसवर चालत नाही आणि बॅक (.bak) फाइल, म्हणजे बॅकअपची फाइल, हातात मिळत नाही. दोन, ऑफिसातली बॅक फाइल तिथे रिस्टोअर होत नाही, बॅकपॅक (.bacpac) फाइल, म्हणजे रचना आणि डेटा यांची एकत्र फाइल, बनवून इम्पोर्ट करावी लागते. मॅनेज्ड इन्स्टन्स मात्र ब्लॉब स्टोरेजवरून बॅक फाइल घेतो. तीन, मागच्या वेळेवर रिस्टोअर केलं की तो नवीन डेटाबेस म्हणून येतो, जुन्यावर चढत नाही.

हा तिसरा मुद्दा प्रत्यक्षात कसा येतो बघा. एका मुलाने दुपारी चार दहाला दर बदलायची अपडेट क्वेरी चालवली आणि वेअर (कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) टाकायला विसरला, सगळ्या आयटमचा दर एकच झाला. घाबरून फोन केला. मी म्हटलं घाबरू नको, कुणाला बिलं करू देऊ नको, पोर्टलवर जा आणि चार पाचची वेळ देऊन रिस्टोअर लाव. काही वेळाने नवा डेटाबेस शेजारी आला, त्यात जुने दर बरोबर होते. आता ते मूळ टेबलात परत कसे न्यायचे? ऑफिसात असतो तर तीन भागांचं नाव देऊन एका अपडेटमध्ये काम झालं असतं. इथे ते चालत नाही, वर लिहिलंय तसं. मग बीसीपी या टूलने ते एक टेबल फाइलमध्ये काढलं, मूळ डेटाबेसमध्ये वेगळ्या नावाने भरलं आणि तिथून अपडेट मारला. अर्धा तास जास्त लागला पण एकही नोंद गेली नाही. तुम्ही हे एकदा शांत दिवशी करून बघा, पळापळीच्या दिवशी पहिल्यांदा करू नका.

आणि एक सावधगिरी, डेटाबेस चुकून डिलीट झाला तर रिटेन्शनच्या मुदतीत परत आणता येतो, पण ज्या सर्व्हरच्या नावाखाली तो आहे तो सर्व्हरच डिलीट केला तर त्याच्या रोजच्या बॅकअपवर विसंबून राहू नका. त्यावर रिसोर्स लॉक (डिलीट होऊ न देणारं कुलूप) लावा, दोन क्लिकचं काम आहे.

क्लाउडवर नेल्यावर सॉफ्टवेअर हळू झालं. जास्त पैसे भरून मोठा प्लॅन घेऊ का?

थांबा, आधी मोजा. ऑफिसातल्या लॅनवर डेटाबेसला एक फेरी मारायला अर्धा मिलिसेकंद लागत असेल, तर तीच फेरी इंटरनेटवरून समजा २५ मिलिसेकंदांची होते. एखादा फॉर्म उघडताना सॉफ्टवेअर ३०० छोट्या क्वेरी पाठवत असेल (आणि जुनी डेस्कटॉप सॉफ्टवेअर खरंच पाठवतात, ग्रिडच्या प्रत्येक ओळीला एक), तर लॅनवर ते सगळं ०.१५ सेकंदात उरकत होतं आणि आता साडेसात सेकंद लागतील. डेटाबेसचा प्लॅन कितीही मोठा केलात तरी हे साडेसात सेकंद कमी होत नाहीत, कारण वेळ रस्त्यात जातोय.

इथे दोनच उपाय. क्वेरी कमी करा, म्हणजे ३००च्या जागी एक प्रोसिजर. किंवा अ‍ॅप्लिकेशनही क्लाउडवर, त्याच रीजनमध्ये, म्हणजे डेटा सेंटरच्या त्याच ठिकाणी, न्या आणि लोकांना ब्राउझरमधून किंवा रिमोट डेस्कटॉपने वापरू द्या. डेटाबेस तिकडे आणि डेस्कटॉप अ‍ॅप इकडे ही मांडणी मी कुणालाच सुचवत नाही.

मोजल्यावर कळलं की सीपीयू किंवा डिस्कचं आयओ खरंच शंभर टक्क्यांवर आहे, तर मात्र प्लॅन वाढवा. ते काम एका स्लायडरचं आहे, ऑफिसात यासाठी कोटेशन मागवून नवा सर्व्हर येईपर्यंत महिना गेला असता.

आमच्याकडे रिपोर्ट चालू असला की एन्ट्री अडकते. क्लाउडवर पण असंच होईल?

बहुधा कमी होईल, आणि याचं कारण फार लोकांना माहीत नसतं. एसक्यूएल डेटाबेसवर नवीन डेटाबेस बनवला की रीड कमिटेड स्नॅपशॉट ही सेटिंग चालूच असते. ऑफिसातल्या एसक्यूएल सर्व्हरवर ती बंद असते. चालू असली की वाचणारा माणूस लिहिणाऱ्याला अडवत नाही, त्याला रेकॉर्डची आधीची कमिट झालेली आवृत्ती दिसते. त्यासाठी क्वेरीत जागोजागी नोलॉक (लॉककडे दुर्लक्ष करून वाच) लिहायची गरज राहत नाही.

पण तुमचा कोड पावती नंबर काढायला "मॅक्स अधिक एक" (सगळ्यात मोठा नंबर वाचून त्यात एक मिळवणं) करत असेल तर सांभाळा. ही पद्धत आधीही धोक्याचीच होती, पण आधी निदान दुसऱ्याची अर्धवट एन्ट्री संपेपर्यंत तुमची क्वेरी थांबायची. आता ती थांबत नाही, जुना मॅक्स वाचते आणि दोन काउंटरवर एकच नंबर निघतो. सिक्वेन्स ऑब्जेक्ट (यात डेटाबेसच पुढचा नंबर देतो) वापरा, किंवा मधला नंबर सुटून चालत नसेल तर नंबरांचं वेगळं टेबल ठेवून त्यावर अपडेट करूनच नंबर घ्या. आणि पावती नंबरवर युनिक इंडेक्स हवाच. ऑफिसातच राहणार असाल तरी ही स्नॅपशॉट सेटिंग तुमच्या सर्व्हरवर चालू करता येते, त्यासाठी क्लाउडवर जायची गरज नाही. टेम्पडीबीवर (सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसवर) थोडा भार वाढतो एवढंच.

डेटाबेस पुण्यात ठेवता येतो का? सीए विचारतात डेटा कुठे आहे.

येतो. अ‍ॅझ्युअरचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, साउथ इंडिया चेन्नईला, वेस्ट इंडिया मुंबईला, तिन्ही २०१५ पासून. सेंट्रल इंडियाची जोडी साउथ इंडियाशी आहे, म्हणजे बॅकअपची दुसरी प्रत चेन्नईला जाते, देशाबाहेर जात नाही. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे आणि हैदराबाद २०२२ पासून.

सीए बरोबरच विचारतात. तुमची कंपनी असेल तर हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असला पाहिजे असा नियम २०२२ पासून आहे. पेमेंटच्या डेटाबद्दल रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०१८ चं परिपत्रक आहे, तो डेटा भारतातच साठवायचा. त्यामुळे बनवताना रीजनच्या खान्यात काय निवडलंय ते दोनदा बघा, अमेरिकेतलं रीजन डिफॉल्ट ठेवून पुढे गेलेले लोक मी पाहिलेत.

सुरक्षेच्या बाबतीत कोण बरं?

क्लाउडवर काही गोष्टी आधीपासून चालू मिळतात. डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करणारं टीडीई नव्या डेटाबेसला आपोआप लागलेलं असतं. ऑफिसातल्या सर्व्हरवर ते २०१९ च्या आवृत्तीपासून स्टँडर्ड एडिशनला मिळालं, त्याआधी फक्त एंटरप्राइजला होतं, आणि तिथे सर्टिफिकेटचा बॅकअप तुम्हीच जपायचा. ते हरवलं तर बॅक फाइल समोर असून उघडणार नाही. पॅचही क्लाउडवाले स्वतः लावतात. इकडे एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा सपोर्ट जुलै २०२४ मध्ये संपला तरी तो बिनधास्त चालू असलेली ऑफिसं आहेत, आणि त्या सर्व्हरला बाहेरून १४३३ पोर्ट (एसक्यूएल सर्व्हरचा नेहमीचा दरवाजा) उघडा ठेवलेला, हे बघून मला खरंच काळजी वाटते.

क्लाउडवर बाहेरचा आयपी फायरवॉलमध्ये टाकल्याशिवाय आत जाता येत नाही, ४०६१५ एरर आला तर हेच कारण. ऑफिसचा ब्रॉडबँड आयपी रोज बदलत असेल तर लोक वैतागून शून्यापासून २५५ पर्यंत सगळे आयपी उघडून टाकतात. कृपया हे करू नका. स्टॅटिक आयपी घ्या किंवा व्हीपीएन लावा.

कनेक्शन मधेच तुटतं, एरर ४०६१३. क्लाउड बिघडलंय का?

नाही. पॅच लावताना किंवा मशीन बदलताना काही सेकंद कनेक्शन तुटतं, ते गृहीत धरूनच सॉफ्टवेअर लिहायचं असतं, म्हणजे एरर आला की थोडं थांबून परत प्रयत्न. जुन्या कोडमध्ये हे नसतं. सर्व्हरलेस प्लॅन घेतला असेल तर डेटाबेस वापर नसताना झोपतो आणि सकाळी पहिल्या माणसाला हाच एरर दिसतो, मिनिटभराने चालू होतो. मेंटेनन्सची नेहमीची वेळ संध्याकाळी पाच ते सकाळी आठ असते, तुमची रात्रपाळी महत्त्वाची असेल तर काही प्लॅनमध्ये ती खिडकी बदलून घेता येते.

खर्च शेवटी कुठे कमी पडतो?

एक आकडा देत नाही कारण तो प्रत्येकाचा वेगळा येतो, पण हिशोबात काय धरायचं ते सांगतो. ऑफिसच्या बाजूला सर्व्हरची किंमत, लायसन्स (कोअरप्रमाणे घेतलं तर कमीत कमी चार कोअरचं घ्यावं लागतं), यूपीएसच्या बॅटऱ्या, त्या खोलीचा एसी, लाइटबिल आणि बघणाऱ्या माणसाचा वेळ. क्लाउडच्या बाजूला मीटर. नेहमीचा ठरावीक क्षमतेचा एसक्यूएल डेटाबेस रात्री बंद करून ठेवता येत नाही, वापरा न वापरा पैसे लागतात. दिवसातून चारच तास वापर असेल तर सर्व्हरलेस बघा. छोटे-छोटे वीस डेटाबेस असतील तर इलास्टिक पूल, त्यात सगळे मिळून एकच क्षमता वापरतात. सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्ससह (मायक्रोसॉफ्टचा अपडेटचा करार) लायसन्स आधीच घेतलं असेल तर हायब्रिड बेनिफिट (त्याच लायसन्सवर क्लाउडच्या बिलात सवलत) मागा, बरेच लोक ते लावायचं विसरतात आणि महिनोन् महिने जास्त भरतात.

तुमचा डेटा दोन-चार जीबी आहे आणि एक्सप्रेस एडिशनवर फुकट चाललंय, तर घाई नको. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एक्सप्रेसची मर्यादा एका डेटाबेसला १० जीबी आहे, ती जवळ येईपर्यंत राहा तिथेच, फक्त बॅकअपची एक प्रत रोज इमारतीबाहेर जाईल एवढं बघा.

मराठीतली नावं क्लाउडवर गेल्यावर प्रश्नचिन्हं होतात.

क्लाउडमुळे होत नाहीत. कॉलम व्हारकॅर (साधारणतः युनिकोड नसलेल्या मजकुराचा प्रकार) आहे किंवा इन्सर्ट करताना मजकुराच्या आधी एन लावलेला नाही. एनव्हारकॅर (युनिकोडचा प्रकार) करा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर व्हारकॅरमध्ये असतो, तो हलवताना नव्या डेटाबेसचं कोलेशन (अक्षरं ओळखायचे आणि क्रम लावायचे नियम) जुन्यासारखंच ठेवा, कारण बनवताना निवडलेलं कोलेशन एसक्यूएल डेटाबेसवर नंतर बदलत नाही. युनिकोडमध्ये आणायचं काम नंतर वेगळं करा, दोन्ही एकदम करायला गेलात तर बिघडलं कुठे ते सापडणार नाही.

अ‍ॅमेझॉन आरडीएसवर पण हेच सगळं लागू आहे का?

बरंचसं. आरडीएस म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची सांभाळून मिळणारी डेटाबेस सेवा. तिथेही ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावता येत नाही, सिसअ‍ॅडमिन मिळत नाही, आपोआप बॅकअप ३५ दिवसांपर्यंतच. पण आरडीएसवरचा एसक्यूएल सर्व्हर मॅनेज्ड इन्स्टन्सच्या जास्त जवळ आहे, एजंट आहे, एस-थ्री या अ‍ॅमेझॉनच्या फाइल स्टोरेजवरून बॅक फाइल रिस्टोअर होते. पैसे वाचवायला इन्स्टन्स थांबवून ठेवलात तर सात दिवसांनी तो आपोआप चालू होतो, हे लक्षात ठेवा.

इंटरनेटच गेलं तर?

तर काम थांबतं, याला दुसरं उत्तर नाही. म्हणून त्या साखर कारखान्यात आम्ही शेवटी असं केलं की काट्यावर एक्सप्रेस एडिशनचा छोटा डेटाबेस ठेवला, भरगाडी, रिकामी गाडी, पावती सगळं तिथेच होतं, नेट असो वा नसो. दर पाच मिनिटांनी एक प्रोग्रॅम नव्या नोंदी क्लाउडवर ढकलतो, तिथून शेतकी खातं, अकाउंट्स आणि बिलं चालतात. प्रत्येक नोंदीला काट्यावरच एक युनिक आयडी मिळतो त्यामुळे नेट मधेच गेलं आणि तीच नोंद दोनदा पाठवली गेली तरी वर एकदाच पडते.

आवडलं नाही तर परत येता येतं का?

एसक्यूएल डेटाबेसवरून बॅकपॅक एक्सपोर्ट करून ऑफिसात इम्पोर्ट करता येतं. मात्र चालू डेटाबेसचा एक्सपोर्ट घेऊ नका, एक्सपोर्ट चालू असताना एन्ट्री होत राहिल्या तर टेबलं एकमेकांशी जुळत नाहीत, बिल आहे आणि त्याच्या ओळी नाहीत असं होतं. आधी डेटाबेसची कॉपी काढा, त्या कॉपीवरून एक्सपोर्ट घ्या, ऑफिसातल्या सर्व्हरवर उतरवा आणि टेबलवार ओळींची संख्या जुळवा. मी माझ्या गिऱ्हाइकांना हे तीन महिन्यांतून एकदा करायला लावतो, परत यायचं नसलं तरी.